‘कास्ट’: एका परक्या शब्दाची साक्ष

भारतीय समाजरचनेविषयीच्या वादात गेली काही दशके एक युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. ‘कास्ट’ हा शब्द संस्कृत नाही, प्राकृत नाही, कोणत्याही भारतीय भाषेच्या पोटी जन्मलेला नाही. तो पोर्तुगीजांनी आणला, इंग्रजांनी रुळवला आणि खानेसुमारीच्या तक्त्यांतून या देशाच्या माथी मारला, असे या युक्तिवादाचे पहिले पाऊल आहे. इथवरचे विधान, थोडी सूट देऊन, मान्य करता येते. परंतु युक्तिवाद इथे थांबत नाही. शब्द परका, म्हणून त्या शब्दाने निर्देशिलेली वस्तूही परकी, ही त्याची पुढची उडी. चर्चासत्रांतून, पाठ्यपुस्तकांच्या वादांतून आणि परदेशांतल्या कायदेमंडळांपुढील निवेदनांतून ही उडी घेतली जाते. तिला व्युत्पत्तिशास्त्राचा आधार असल्याचा भास होतो. म्हणूनच तिची तपासणी व्युत्पत्तीच्या अंगणातच व्हावयास हवी.

शब्दाची कुळी सांगणे आणि वस्तूचा उगम सांगणे या मुळात दोन भिन्न गोष्टी होत. मराठीतला ‘खून’ हा शब्द फारसी आहे. ‘गुन्हा’ आणि ‘फिर्याद’ हेही फारसीच. म्हणून बहामनी अमलापूर्वी महाराष्ट्रात कोणी कोणाचा जीव घेतला नाही, कोणी अपराध केला नाही आणि कोणी दाद मागितली नाही, असा निष्कर्ष आजवर एकाही अभ्यासकाने काढलेला नाही. ‘गरीब’ हा शब्द अरबी असल्यामुळे दारिद्र्य अरबस्तानातून आयात झाले, असेही कोणी म्हणत नाही. जो तर्क खून, गुन्हा आणि गरिबी यांच्या बाबतीत हास्यास्पद वाटतो, तोच ‘कास्ट’च्या बाबतीत मात्र विद्वत्तापूर्ण वाटू लागतो. याचे कारण भाषाशास्त्रात शोधून सापडणार नाही. ते सोयीत आहे.

तरीही या शब्दाचा इतिहास बाजूला सारण्याचे कारण नाही. तो पूर्ण वाचला तर त्याची साक्ष युक्तिवाद करणाऱ्यांच्या बाजूने पडत नाही.

इंग्रजी ‘कास्ट’ हा पोर्तुगीज ‘काश्ता’वरून आला. स्पॅनिशमध्येही तोच शब्द ‘कास्ता’ या उच्चाराने आहे. त्याच्या मुळाविषयी दोन मते आहेत. ‘शुद्ध, निर्मळ’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘कास्तुस’ या विशेषणापासून तो निघाला, हे जुने मत. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या सेबास्तिआन दे कोवारुबियास याच्या स्पॅनिश कोशाने त्याचा संबंध शुद्धतेशीच जोडला आहे. विसाव्या शतकात जोआन कोरोमिनास या व्युत्पत्तिकाराने त्यास हरकत घेतली. ‘कास्ता’चा मूळ अर्थ पशूंचा वाण, पैदास असा असून शुद्धतेची कल्पना त्यास मागाहून चिकटली, सबब त्याचे मूळ गॉथिक भाषेत शोधावे, असे त्याचे म्हणणे. यांतले कोणते मत अखेरीस टिकेल ते टिको. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आपल्या ‘कास्ता’चे मूळ शुद्धतेत असावे, अशी त्या भाषा बोलणाऱ्या समाजाचीच इच्छा होती. गोठ्यातल्या शब्दाला देवघरातली कुळी देण्याची ही धडपड भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये.

आता मराठीकडे पाहावे. ‘जात’ हा शब्द माणसापुरता मर्यादित नाही. आंब्याची जात, गव्हाची जात, गुरांची जात, असे मराठी शेतकरी सहज बोलतो. पोर्तुगीज शेतकरीही द्राक्षाच्या वाणाला ‘काश्ता’च म्हणतो. मराठीत उत्तम पैदाशीच्या घोड्याला ‘जातिवंत’ म्हणतात आणि तेच विशेषण पुढे माणसाला, कवीला, कलेला गौरवाने लावतात. स्पॅनिशमधले ‘कास्तिसो’ हे विशेषण अगदी याच वाटेने चालत गेले आहे: पैदाशीतून कुळाकडे, कुळातून शुद्धतेकडे आणि शुद्धतेतून अस्सल भाषेकडे व शैलीकडे. दोन दूरच्या भाषांनी वाण, वंश आणि प्रतिष्ठा या तिन्ही कल्पना एकाच शब्दात बांधाव्यात, हे साम्य नुसत्या योगायोगावर सोडून देता येत नाही. पोर्तुगीजांना मलबारात आणि कोकणात जे दिसले त्यासाठी त्यांना नवा शब्द घडवावा लागला नाही, कारण घरचा शब्द तयार होता. त्यांनी ती वस्तू निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ती ओळखली असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ओळखली, कारण तिच्यासारखे काहीतरी त्यांच्या घरीही होते. १४४९ साली तोलेदो नगरात एक फर्मान निघाले आणि यहुदी कुळातून ख्रिस्ती झालेल्यांना नगरातील अधिकारपदांस अपात्र ठरविण्यात आले. बाप्तिस्मा झाला तरी रक्त धुतले जात नाही, असा त्यामागचा सिद्धांत होता. रक्तशुद्धीच्या अशा नियमांनी पुढे स्पेन आणि पोर्तुगालमधल्या मठांची, विद्यापीठांची आणि अधिकारमंडळांची दारे बंद केली. स्पॅनिश अमेरिकेत तर संमिश्र संततीच्या पायऱ्या लावून त्यांना ‘कास्ता’ हेच नाव देण्यात आले आणि अठराव्या शतकात मेक्सिकोच्या चित्रकारांनी त्या पायऱ्यांची चित्रमालिकाच रंगविली. बाप कोण, आई कोण आणि मूल कोणत्या नावाचे, हे त्या चित्रांखाली लिहिलेले असे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील संकरजातींची यादी ज्याने वाचली आहे, त्याला या चित्रांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या शब्दाच्या भारतातील जन्मकथेत एक माणूस असा आहे की ज्याच्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्या ग्रंथात, इथे कोणी बापाचा धंदा सोडीत नाही आणि चांभारांचे कुळ ते सगळे चांभारच, अशा आशयाची नोंद आहे आणि तिथे ‘काश्ता’ हाच शब्द योजलेला आहे. ही नोंद करणारा स्वतः कोण होता? त्याचे आईबाप स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी. १४९७ साली पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. म्हणजे मायदेशी रक्ताने अशुद्ध ठरलेला हा माणूस दुसऱ्या देशातल्या जन्मसिद्ध बंधनाची नोंद करीत होता. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या धर्मन्यायपीठाने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ‘कास्ट’ हा शब्द एका निष्पाप, समताधिष्ठित युरोपाने भारतावर लादला असे मानणाऱ्यांनी ही हाडे विसरू नयेत. आणि हा शब्द परका म्हणून भारत निष्पाप असे मानणाऱ्यांनीही ती विसरू नयेत. या शब्दाच्या इतिहासात निर्दोष पक्षकार कोणीच नाही.

ऑर्टाच्या ग्रंथानंतर चार वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात धर्मगुरूंची प्रांतिक परिषद भरली. तिच्या ठरावांत या प्रांतातील मूर्तिपूजकांच्या कमीअधिक प्रतिष्ठेच्या ‘काश्तां’चा उल्लेख आहे, आणि वरच्या काश्तेचा मनुष्य खालच्या काश्तेच्या मनुष्याबरोबर खात नाही, पीत नाही, अशी तक्रार आहे. ख्रिस्ती झालेल्यांनाही हे लोक हीन लेखतात, हे परिषदेचे खरे दुखणे होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुजरातेत वावरलेला निकोलस विदिंग्टन हा इंग्रज लिहितो की, वाण्यांमध्ये तीसहून अधिक ‘कास्ट’ असून त्यांचे एकमेकांशी अन्नोदक चालत नाही. इंग्रजीत या शब्दाचे तेव्हाचे लेखन ‘फेकणे’ या अर्थाच्या क्रियापदासारखेच होते. फ्रेंच वळणाचे शेवटचे अक्षर त्यास एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी कायमचे जडले. लेखन बदलले, राजवटी बदलल्या, पण साक्षीदारांनी टिपलेली खूण बदलली नाही. एक कॅथलिक परिषद, दुसरा इंग्रज व्यापारी; एक गोव्यात, दुसरा गुजरातेत; आणि दोघांचे बोट नेमके ताटावर आणि पाण्यावर पडते. तोवर या देशात इंग्रजांची खानेसुमारी नव्हती, कलेक्टर नव्हता, कचेरीही नव्हती. खानेसुमारीने शोधून काढलेली वस्तू खानेसुमारीपूर्वी तीनशे वर्षे लोकांना कशी दिसत होती, याचे उत्तर या युक्तिवादाकडे नाही.

पण परक्यांच्या साक्षीवर विसंबण्याची तरी गरज काय? ज्या भाषेत वस्तू नाही त्या भाषेत तिच्यासाठी शब्दही नसतात. इथे मराठीचीच जबानी घ्यावी. ‘जाति’ हा शब्द ‘जन्’ धातूपासून, म्हणजे जन्मापासून आला. मराठी संतांच्या वाणीत तो ‘याती’ या रूपाने वारंवार भेटतो. शिवाय ‘ज्ञाती’ आहे, ‘जमात’ आहे, ‘पोटजात’ आहे. एवढ्यावर थांबले तर कोणी म्हणेल की ही नुसती गणांची नावे झाली. म्हणून व्यवहारातले शब्द पाहावेत. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. पंक्तिभेद आणि पंक्तिप्रपंच. सोवळे, ओवळे, विटाळ, शिवाशीव. वाळीत टाकणे, जातीबाहेर घालणे, परत पंगतीस घेणे. जातपंचायत, गोतसभा, दंड, प्रायश्चित्त. गावकूस, महारवाडा, मांगवाडा. बलुते, अलुते, वतन. जातींजातींत अधिकारांचे तंटे उभे राहत, त्या तंट्यांना आणि त्यांतून होणाऱ्या बहिष्काराला ‘ग्रामण्य’ असे स्वतंत्र नाव होते. यांतले बहुतेक शब्द अव्वल देशी आहेत. कोणा पोर्तुगीजाने ‘विटाळ’ हा शब्द शिकविला नाही. कोणा इंग्रज कलेक्टरने ‘शिवाशीव’ घडविली नाही. एका आखूड परक्या नामाची झाडाझडती घेताना या पंचवीस-तीस देशी शब्दांकडे पाठ फिरविणे याला व्युत्पत्तिविचार म्हणता येत नाही. परक्या शब्दावरून बघणारा कोण होता ते कळते. करणारा कोण होता ते देशी शब्दांवरून कळते.

कालक्रमही हेच सांगतो. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहून गेला आहे की, चांडाळ नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवीत येतात, म्हणजे इतरांना त्यांचा स्पर्श टाळता यावा. ‘वज्रसूची’ ही संस्कृत पुस्तिका ब्राह्मण्य जन्माने ठरते या कल्पनेचे एकेक करून खंडन करते; दहाव्या शतकात तिचे चिनी भाषांतर झाले होते आणि सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तिचा आशय मराठीत आणला. जी वस्तू नव्हती तिचे खंडन करण्याचे श्रम कोणी घेत नाही. चौदाव्या शतकातला चोखामेळा ज्या देवळाच्या दाराबाहेर उभा राहिला, त्या दारावर कोणत्याही युरोपीय राजाचा पहारा नव्हता. त्याच पंढरपूरच्या देवळाचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. या दोन प्रसंगांच्या मधली सहाशे वर्षे ‘कास्ट’ या शब्दाच्या माथी मारता येत नाहीत. त्या काळात तो शब्द बोलणारे लोक येऊन, राज्य करून, जाण्याच्या बेतात आले होते. आणि अठराव्या शतकातील मराठी राज्यापुरते बोलायचे तर, जातीचे नियम राखणे, मोडणाऱ्यास दंड करणे आणि शुद्ध करून घेतलेल्यास पंक्तीस घ्यावयास लावणे ही कामे खुद्द सरकार कशी करीत असे, हे हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने पेशवेकालीन कागदपत्रांच्याच आधारे १९६८ साली दाखवून दिले आहे.

या युक्तिवादात सत्याचा अंश मुळीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तो अंश वेगळा काढून मान्य केला पाहिजे. ‘कास्ट’ या एका शब्दाने वर्ण आणि जात या दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ केली. चार वर्ण हा ग्रंथातला नकाशा. हजारो जाती ही गावातली वस्ती. नकाशा आणि वस्ती यांना एकच नाव दिल्याने परदेशी वाचकाला चार खणांचे एक कपाट दिसू लागले आणि जातींची प्रादेशिकता, त्यांचे चढउतार, त्यांतली धुसफूस दिसेनाशी झाली. इंग्रजी राजवटीने या शब्दाला कायद्याचे बळही दिले. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीसंबंधीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये असे ठरविले. परिणामी जातपंचायतींचा अंमल आपसूक शाबूत राहिला. १९०१ च्या खानेसुमारीत हर्बर्ट रिस्ली याने सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने जाती लावण्याचा उद्योग आरंभिला, नाकांच्या मापांवरून वंश ठरविण्याचा खटाटोप केला. आणि आपली पायरी वर लावावी म्हणून गावोगावच्या जातिसभांनी अर्जांचा वर्षाव केला. निकोलस डर्क्स याने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रक्रियेची सविस्तर चिकित्सा आहे. इंग्रजांनी जातीला दप्तरी रूप दिले, तिला सबंध भारताची एकमेव खूण बनविले, हे त्याचे प्रतिपादन गंभीरपणे घेण्यासारखे आहे.

परंतु दप्तरी रूप देणे आणि जन्म देणे यांत अंतर आहे. वाहत्या पाण्याला पाट काढून देणारा ते पाणी निर्माण करीत नाही. पाट वाकडा काढला तर त्याला दोष द्यावा, झऱ्याचे श्रेय देऊ नये. डर्क्सच्या ग्रंथाचे नाव घेऊन जातीचा शोधच इंग्रजांनी लावला असे सांगणारे त्याने काय म्हटले ते सांगत नाहीत. त्यांना काय ऐकायचे होते ते सांगतात. सुमित गुहा यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात ‘कास्ता’चा इबेरियातला इतिहास आणि दक्षिण आशियातली सत्तारचना यांची सांगड घालून दाखविली आहे. तिथेही शब्दाच्या परकेपणातून वस्तूचे परकेपण निघत नाही. त्यातून निघते ते हे की, जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा रोग एका भूखंडाची मिरास नाही.

या मुद्द्यापाशी दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. हा परका शब्द हाती घेऊन कोणी काय केले? १८६१ साली तुकाराम तात्या पडवळ यांनी ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले तेव्हा त्यांना परक्या शब्दाची गरज पडली नाही. जोतीराव फुले यांनी मात्र १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली आणि ही अर्पणपत्रिका मुद्दाम इंग्रजीत लिहिली. पुण्यातल्या मनुष्याचे दुःख आणि अमेरिकेतल्या गुलामाचे दुःख यांना एकाच वाक्यात बसवायचे तर दोघांना कळेल असा शब्द हवा असतो. १९१६ सालच्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात चोवीसपंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या यंत्रणेवर निबंध वाचला. ‘कास्ट’ हा शब्द त्यांनी तेथील अभ्यासकांकडून जसाच्या तसा स्वीकारला नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या व्याख्या तपासून, खोडून, त्यांनी जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे असे दाखविले. वरवर पाहणाऱ्यांना ताट आणि पाणी दिसले होते; आंबेडकरांनी त्यामागचे लग्न दाखविले. शब्द परका होता, आशय त्यांनी भरला. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीही न झालेल्या भाषणाच्या शीर्षकातही हाच इंग्रजी शब्द आहे. त्या मंडळाचे नाव मात्र ‘जात-पात तोडक’ असे पुरते देशी होते, आणि भाषण रद्द करण्याचे कामही त्याने देशी पद्धतीनेच पार पाडले.

तेव्हा ‘कास्ट’ हा शब्द आजच्या घडीला केवळ साम्राज्याची मुद्रा राहिलेला नाही. ज्यांना देशी शब्दांनी पंगतीबाहेर बसविले, त्यांनी हा परका शब्द उचलून त्याचे हत्यार केले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात हा शब्द आला, २०१३ साली त्याविषयीची तरतूद करणे सरकारवर बंधनकारक झाले आणि २०१८ साली सरकारने ते बंधन नको म्हणून ठरविले. दरम्यान २०१४ साली तेथील अपील न्यायाधिकरणाने वांशिक मूळ या संज्ञेत जातीचा समावेश होऊ शकतो असा निर्णय दिला होता. इझाबेल विल्करसन या लेखिकेने २०२० साली अमेरिकेतल्या वर्णभेदाला हाच शब्द लावला. सिएटलच्या नगर परिषदेने २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून होणाऱ्या भेदभावास बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरात नाकारले. या प्रत्येक वादात, हा शब्द आमच्यावर लादलेला आहे, हे पालुपद ऐकू आले. भेदभाव होतो की नाही, हा साधा प्रश्न पुढे आला की उत्तरादाखल कोश उघडला जातो. जखम दाखविणाऱ्याला जखम या शब्दाची व्युत्पत्ती विचारण्यासारखेच हे झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रकरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शब्दाचा उगम म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात, तो वापरणाऱ्याच्या हेतूत आणि तो ज्याच्यावर वापरला जातो त्याच्या अनुभवात घडतो. भाषांतर करताना ‘कास्ट’च्या जागी कुठे ‘जात’, कुठे ‘वर्ण’, कुठे ‘जातिव्यवस्था’ लिहावे लागते. प्रत्येक ठिकाणी विचार करूनच निवड केली पाहिजे. शब्द परका आहे म्हणून वस्तू नाकारणारा आणि शब्द एकच आहे म्हणून सगळ्या वस्तू एक मानणारा, हे दोघेही एकच चूक करतात: ते शब्दाकडे पाहून माणसाकडे पाहण्याचे टाळतात.

आणि टाळण्याच्या या कलेत मराठीने अलीकडे या परक्या शब्दालाच कामाला लावले आहे, हे अखेर नमूद केले पाहिजे. ‘जात’ हा उच्चार सुशिक्षित ओठांना जड वाटू लागला, तेव्हा ‘कास्ट’ हा हलका, दप्तरी, जणू निर्विकार शब्द तिच्या जागी आला. ‘कास्ट सर्टिफिकेट’ आले, ‘कॅटेगरी’ आली, ‘समाज’ या व्यापक शब्दाचा आवाका आक्रसून तो एका जातीपुरता उरला. शहरात घर भाड्याने देणारा जात विचारीत नाही. तो आडनाव विचारतो, आडनावाने भागले नाही तर गाव विचारतो. स्थळे पाहणारे ‘आपल्यातले आहेत का’ एवढेच विचारतात. वर्तमानपत्रांतल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘कास्ट नो बार’ हे शब्द देवनागरीत छापलेले दिसतात आणि पुष्कळदा त्यांच्याच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’ अशी जोड दिलेली असते. त्या जाहिरातीत उदारपणा इंग्रजीत आहे. नकार द्यायची वेळ आली तेव्हा मात्र शुद्ध संस्कृत शब्द आठवला आहे.

‘कास्ट’ हा शब्द कोठून आला, याचे उत्तर कोशात मिळते आणि ते वर दिले आहे. ‘आपल्यातले’ हा शब्द कोठून आला, हे विचारण्यासाठी लिस्बनला किंवा लंडनला जावे लागत नाही. महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जातपंचायतींनी ज्या कुटुंबांना वाळीत टाकले होते, त्यांच्यासाठी तो झाला. त्या कुटुंबांपैकी एकालाही ‘कास्ट’ या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. ‘वाळीत टाकणे’ म्हणजे काय ते त्यांना त्यांच्या मातृभाषेतच कळले होते.